खानदेशचा प्रेक्षक कोणाच्या बाजूने उभा राहतो

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दिवसभर ओस पडलेले रस्ते सूर्य मावळल्यावरच पुन्हा भरतात, आणि रसवंतीपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत जिथे पडदा असेल तिथे आयपीएलचा सामना चालू असतो. त्या गर्दीत मुंबईची निळी, चेन्नईची पिवळी आणि बंगळुरूची लाल जर्सी घातलेली मुले खांद्याला खांदा लावून उभी असतात, आणि ती अनेकदा एकाच गल्लीतली, कधी तर एकाच घरातली असतात. मुंबईत किंवा चेन्नईत वाढलेल्या मुलाला तू कोणत्या संघाचा, हे सहसा विचारावे लागत नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या शहराने आधीच देऊन ठेवलेले असते. खानदेशातल्या मुलाला मात्र आपला संघ स्वतः निवडावा लागतो.

ही निवड तो कशाच्या आधारे करतो, आणि इतर शहरांत ती जन्माबरोबरच का होऊन जाते, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत आहे. संघावरची निष्ठा जिंकलेल्या चषकांवर किंवा जाहिरातींवर फारशी अवलंबून नसते, असे माझे मत झाले आहे. शहराने आपल्या लोकांना खेळ कुठे बसून, कोणाच्या शेजारी आणि वर्षातून किती वेळा पाहायला शिकवले, यावर ती ठरते. खानदेशला खेळ पाहण्याची सवयच नाही, असे पुण्या-मुंबईकडचे काही परिचित म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. इथला प्रेक्षक चांगला मुरलेला आहे. पण तो कुस्तीच्या दंगलीत मुरलेला आहे, आणि दंगलीने त्याला संघापेक्षा माणसावर जीव लावायला शिकवले आहे.

हा फरक समजून घ्यायचा तर आधी कोल्हापूरकडे पाहिले पाहिजे, कारण तिथला प्रेक्षकही कुस्तीनेच घडवला आणि तरीही तो पुढे संघाचा झाला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधून घेतले आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ दिले. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून आजही तिथल्या संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी आहेत. इतरत्र तालीम म्हटले की लाल माती आणि लंगोट डोळ्यांपुढे येतो. कोल्हापुरात तालमीच्या नावाने गोलचा जल्लोष होतो. छत्रपती शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील यांचा सामना असला, की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची जुनी चुरस प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर येऊन बसते. तिथे माणूस कोणत्या बाजूने ओरडणार हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून सांगता येते. ज्या तालमीत त्याचे आजोबा जोर-बैठका काढत असत, जिच्या गणपतीची वर्गणी घरातून न चुकता जाते, जिच्या कट्ट्यावर तो स्वतः संध्याकाळी बसतो, तिचाच संघ मैदानात उतरलेला असतो. तो संघ हरला म्हणून सोडून द्यायचा, तर पेठच सोडावी लागेल. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला, आणि त्याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

कोलकात्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागान या फुटबॉल क्लबने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि त्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. तो विजय एका क्लबचा राहिला नाही, कारण समोर गोऱ्यांची पलटण होती. पुढे १९२० मध्ये ईस्ट बंगाल क्लब निघाला, आणि फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या लाखो माणसांना नव्या शहरात आपले म्हणता येईल असे जे थोडे उरले होते, त्यात हा क्लब होता. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात हे दोन संघ सॉल्ट लेक मैदानावर भिडले, तेव्हा एक लाख तीस हजारांहून अधिक माणसे पाहायला आली होती. घर, गाव, बोली आणि ताटातला मासा यांच्यासकट माणूस तिथे क्लबाशी बांधला गेलेला असतो.

मुंबईचा प्रेक्षक वेगळ्या रीतीने घडला. तिथे तो स्वतःच खेळाडू असतो, किंवा खेळाडूचा बाप, भाऊ, शेजारी असतो. शिवाजी पार्क, आझाद मैदान आणि क्रॉस मैदान येथे एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाजवळ उभा असतो. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग तर भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाते. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला फलंदाजाने विकेट फेकली की ते स्वतःचे नुकसान वाटते. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा आणि २०२३-२४ पर्यंत एकूण ४२ वेळा रणजी करंडक जिंकला, यामागे जितका खेळाडूंचा वाटा आहे तितकाच या चिकित्सक, कडक आणि सहजी समाधान न मानणाऱ्या शहराचाही आहे. २००८ मध्ये मुंबई इंडियन्स हा संघ आला तेव्हा त्याला प्रेक्षक तयार करावा लागला नाही. पहिले विजेतेपद २०१३ पर्यंत मिळाले नाही, तरी वानखेडे भरतच राहिले.

आता खानदेश. इथे संस्थानचा आश्रय नव्हता, शहरात दाटीने वसलेल्या पेठा नव्हत्या आणि आठवड्याच्या आठवड्याला जिथे जावे असे मैदानही नव्हते. हा इंग्रजी अमलातला जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि पुढे धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. कापूस, केळी, रेल्वे आणि बाजारपेठ यांच्या भोवती वाढलेली अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा, चोपडा, रावेर, दोंडाईचा, शहादा अशी गावे एकमेकांपासून अंतर राखून आहेत. माणसे एकत्र येतात ती आठवडी बाजाराला आणि यात्रेला. म्हणून इथला खेळही यात्रेत रुजला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास शेते मोकळी असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, मुंबई-सुरतेला गेलेली मुले गावी परतलेली असतात, आणि त्याच दिवसांत गावोगावी कुस्त्यांच्या दंगली भरतात.

दंगल जवळून पाहिलेल्या माणसाला ती कशी चालते हे ठाऊक असते. इतरांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. दुपार कलली की मातीवर पाणी मारलेले असते आणि भोवती माणसे गोल करून बसतात. पुढे लहान मुले, मागे मोठी माणसे, त्यांच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि झाडांवर उरलेले सगळे. सुरुवातीला लहान मुलांच्या कुस्त्या होतात आणि जिंकणाऱ्याला स्टीलचे भांडे मिळते, जे तो दिवसभर काखेत घेऊन फिरतो. मग पंच जोड लावायला उठतात. हे काम नाजूक असते, कारण वजन, वय, दम आणि मागच्या वर्षीचा निकाल हे सगळे पाहून दोन पैलवान समोरासमोर आणायचे असतात, आणि जोड विषम वाटली तर प्रेक्षक बसल्या जागेवरून हरकत घेतात. ध्वनिक्षेपकावरून पैलवानाचे नाव, त्याच्या गावाचे नाव आणि बक्षीस लावणाऱ्याचे नाव पुकारले जाते. मालेगावचा, बुऱ्हाणपूरचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा पैलवान असेल तर त्याचा मान ठेवला जातो, पण त्याच्यासमोर पंचक्रोशीतला मुलगा उभा राहिला की अख्खा गोल एका बाजूला झुकतो. "आपला पोऱ्या शे तो!" असे एखादा म्हातारा शेजाऱ्याला सांगतो, आणि मग "दाब त्याले!" असा गलका उठतो.

कुस्ती निकाली झाली की जे घडते, ते माझ्या म्हणण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जिंकलेला पैलवान अंगाची माती न झटकता गोलाच्या कडेकडेने फिरतो, आणि बसलेली माणसे त्याच्या हातात दहा, वीस, पन्नास, शंभर रुपयांच्या नोटा देतात. ते पैसे पंचांकडे जात नाहीत, आयोजकांकडे जात नाहीत. प्रेक्षकाचा हात खेळाडूच्या हाताला लागतो, त्याच्या दंडावरची माती आपल्या बोटांना लागते, आणि त्या क्षणापासून हा मुलगा त्या माणसाचा होतो. पुढच्या वर्षी तो दिसला नाही तर लोक पंचांना विचारतात की तो अमुक गावचा पोरगा का आला नाही, लग्न झाले का, नोकरी लागली का, खांदा दुखावला होता तो बरा झाला का. खुर्चीचे तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला इतकी चौकशी करावीशी वाटत नाही. निष्ठेचे इतके थेट रूप मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेले नाही. पण ती निष्ठा त्या मुलाच्या गुडघ्याबरोबर आणि वयाबरोबर संपते. तो थांबला की प्रेक्षक दुसरा पोऱ्या शोधतो, कारण मध्ये टिकून राहणारा संघ नावाचा धागा तिथे नसतो.

या प्रकारच्या निष्ठेला जिल्ह्याएवढे रूप कधी आले असेल, तर ते विजय चौधरी यांच्यामुळे. चाळीसगाव तालुक्यातल्या या मल्लाने २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचे विजेतेपद मिळवले. १९६१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत मल्ल आपापल्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या नावाने उतरतात आणि मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा विजेत्याच्या खांद्यावर येते. २०१६ ची अंतिम लढत पुण्यात झाली आणि समोर पुण्याचाच अभिजित कटके होता. म्हणजे मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. त्या रात्री आमच्याकडे जो उत्साह होता, तो मी कोणत्याही क्रिकेट सामन्याच्या वेळी अनुभवलेला नाही. राज्याच्या एखाद्या मोठ्या अंतिम लढतीत ध्वनिक्षेपकावरून जळगावचे नाव पुकारले जाते आणि शेवटी तेच उरते, हे ऐकण्याची आम्हाला सवय नव्हती. पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले, तेव्हा ज्यांनी कधी कुस्ती पाहिली नव्हती अशा घरांतही पेढे वाटले गेले. जिल्ह्याने एका माणसाला इतके मनापासून आपले मानले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आयपीएलमध्ये इथले लोक जे वागतात, ते या पार्श्वभूमीवर पाहिले की नीट समजते. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स हा संघ आला, तीन हंगाम खेळला आणि गेला. २०१६ मध्ये पुण्याच्याच नावाने दुसरा संघ आला, दोन हंगामांसाठीच आला होता, आणि तोही गेला. भूगोलाच्या आणि क्रिकेट संघटनेच्या हिशेबाने पाहिले तर खानदेशने पुण्याच्या मागे उभे राहायला हवे होते, आणि त्या दोन वर्षांत काही जण उभे राहिलेही, परंतु ते महेंद्रसिंह धोनी त्या संघात होता म्हणून. २१ मे २०१७ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईने पुण्याला अवघ्या एका धावेने हरवले. मुंबईच्या १२९ धावांचा पाठलाग करणाऱ्या पुण्याला शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. इतक्या थोड्या अंतराने हुकलेले विजेतेपद एखाद्या शहराच्या मनात पिढ्यान् पिढ्या सलत राहायला हवे. आज पुण्यातसुद्धा त्या पराभवाची कोणी फारशी आठवण काढत नाही, कारण पुढच्या वर्षी तो संघच नव्हता. धोनी चेन्नईला परतला आणि आमच्याकडचे त्याचे चाहते त्याच्याबरोबर निघून गेले.

२०१८ च्या एप्रिलमध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर हलवावे लागले, तेव्हा चेन्नईहून संघाच्या पाठीराख्यांनी भरलेली एक खास रेल्वेगाडी पुण्याला आली. घरचे मैदान हजार किलोमीटर दूर गेले तर प्रेक्षकाने मैदानामागे जायचे, हे त्या शहराला स्वाभाविक वाटले. ज्या शहराच्या चेपॉक मैदानाने ३१ जानेवारी १९९९ रोजी भारत १२ धावांनी हरल्यावर पाकिस्तानच्या संघाला उभे राहून दाद दिली, त्या शहराच्या प्रेक्षकपणाला मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास त्या गाडीत बसून आला होता.

माणसावर जीव लावणे हे केवळ आमच्याच भागाचे लक्षण आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०२४ च्या हंगामात रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला मुंबईचा कर्णधार केले, तेव्हा वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. त्यांचा राग संघावर नव्हता. शहरात वाढलेल्या माणसाचा मान राखला गेला नाही याचा तो राग होता. त्याच वर्षी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर ४ जुलैला त्याच मैदानात हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. त्या सबंध हंगामात जळगावातली निळ्या जर्सीतली मुलेही अस्वस्थ होती, पण त्यांतली काही त्या काळात सरळ दुसऱ्या संघाकडे वळली, आणि वानखेडेवर हुर्यो उडवणारी माणसे मात्र पुढच्या सामन्याला पुन्हा त्याच जागी येऊन बसली. शहराची निष्ठा आणि दुरून धरलेली निष्ठा यांत मला दिसणारा फरक तो हाच.

तरीही खानदेशात मुंबईचे चाहते सर्वाधिक का, याचे उत्तर मला रेल्वेच्या नकाशात सापडते. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, आणि तिथून मनमाड, नाशिक, कल्याणमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्यांनी कित्येक पिढ्यांना नोकरीला नेले आहे. ज्या घरातला काका कल्याण-डोंबिवलीला राहतो, त्या घरात मुंबईचा संघ परका राहत नाही. सुट्टीत पुतण्या तिकडे जातो, शिवाजी पार्क पाहतो, लोकलने प्रवास करतो, आणि परत येताना जर्सी घेऊन येतो. दुसरी वाट जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारमार्गे सुरतेला जाते. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशी माणसांची एवढी वस्ती आहे की तिथल्या बाजारात अहिराणी सहज कानावर पडते. माझा एक मावसभाऊ तिकडेच स्थायिक झाला आहे. तो स्वतः मुंबईचा पाठीराखा राहिला; त्याचा मुलगा, जो सुरतेच्या शाळेत शिकला, २०२२ मध्ये गुजरात टायटन्स पहिल्याच हंगामात विजेते ठरल्यापासून त्यांचा झाला. घरात याबद्दल भांडण नाही. मुलगा जिथे वाढला तिथल्या मुलांबरोबर ओरडतो आहे, आणि मावसभावालाही ते योग्यच वाटते.

क्रिकेटच्या कागदोपत्री व्यवस्थेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात, जिचा कारभार पुण्याहून चालतो. मुंबईचा रणजी संघ वेगळा, आणि मुक्ताईनगर ओलांडून मलकापूर लागले की विदर्भाचा संघ सुरू होतो, ज्याने २०२४-२५ चा रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली, आणि भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८ साली काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, हा वारसा काही लहान नाही. पण महाराष्ट्राचे रणजी सामने आम्हाला पाहायचे झाले तर निदान नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानापर्यंत तरी जावे लागते. डोळ्यांनी न पाहिलेल्या संघावर प्रेम करा, असे कोणाला सांगता येत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर यांच्या नावाचे सहा संघ होते. खानदेशच्या नावाचा एकही नव्हता. त्याची खंत मला आजही आहे, कारण त्या वयातल्या मुलांना आपल्या गावाचे नाव छातीवर असलेला संघ पडद्यावर दिसला असता, तर पुढची पिढी वेगळ्या रीतीने वाढली असती.

मात्र संघ दिला की निष्ठा आपोआप येईल, असेही मी मानत नाही, कारण आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत याचा अनुभव रोज येतो. हिवाळ्यात जवळपास प्रत्येक तालुक्यात कोणत्या ना कोणत्या नावाचा चषक होतो, दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात, मैदानाच्या कडेला भजी आणि चहाच्या गाड्या लागतात, आणि गर्दी मनापासून दाद देते. बक्षिसे मोठी असतात. पण संघ बक्षिसापुरते उभे राहतात. पैसे लावणारा बदलला की संघाचे नाव बदलते, बाहेरून मानधन देऊन आणलेला फलंदाज आज या संघात तर पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्याच्या चषकात त्यांच्याच विरुद्ध खेळतो, आणि गेल्या वर्षी विजेता कोण होता हे आयोजकांनाही आठवावे लागते. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने मोठ्या कष्टाने सलग काही वर्षे एकाच नावाने, गल्लीतल्याच मुलांना घेऊन संघ उतरवला होता. त्यांच्या सामन्याला गल्लीतल्या बायकाही खुर्च्या घेऊन येत असत. पुढे त्यांना सांगण्यात आले की नाव बदला, तरच प्रवेश शुल्क आम्ही भरू. त्यांनी नाव बदलले, आणि त्या खुर्च्या पुन्हा दिसल्या नाहीत.

अमेरिकेतल्या ग्रीन बे या गावाची गोष्ट मी अनेकांना सांगतो. त्या गावाची वस्ती एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या भुसावळपेक्षाही बरीच कमी. तरी तिथे १९१९ साली निघालेला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ आजही त्यांच्या देशातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये खेळतो. १९२३ पासून तो संघ कोणा एका धनिकाचा नसून भागधारकांचा आहे. पाच लाखांहून अधिक माणसांकडे त्याचे भाग आहेत. त्यांवर लाभांश मिळत नाही आणि ते नफ्याने विकताही येत नाहीत. लोक तरीही ते घेतात आणि घराच्या भिंतीवर लावतात. हंगामी तिकिटांसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात. हे वाचले की मला दंगलीत पैलवानाच्या हातात ठेवलेली नोट आठवते, कारण तीही परत मिळण्यासाठी दिलेली नसते. आपल्या यात्रेची वर्गणी, मंडळाची पावती, दंगलीचा इनाम या सर्वांमागे असलेली वृत्ती तीच आहे. ती माणसावर खर्च होते, तशी संघावर खर्च होण्याची सोय आपण केलेली नाही.

काही जण म्हणतात की खानदेश या नावाने एक मोठा संघ काढावा. मला त्यापेक्षा तालुक्यांचे संघ अधिक योग्य वाटतात, कारण जळगावच्या नावाला धुळेकर आणि धुळ्याच्या नावाला नंदुरबारकर मनापासून ओरडेल, असे मला दिसत नाही. उलट अमळनेरचा माणूस चाळीसगावच्या विरुद्ध आणि भुसावळचा माणूस जळगावच्या विरुद्ध कोणी न सांगता उभा राहील. कबड्डी किंवा क्रिकेट, खेळ कोणताही चालेल. प्रत्येक तालुक्याचा एक संघ, त्या तालुक्यात वाढलेले किंवा शिकलेले खेळाडू, कायमचे नाव, कायमचा रंग, आणि एक सामना आपल्या मैदानावर तर दुसरा समोरच्याच्या मैदानावर, एवढी पथ्ये पाळली तरी पुरे आहे. पुरस्कर्त्याचे नाव जर्सीच्या पाठीवर असावे, संघाच्या नावात नको. महाविद्यालयांची मैदाने आहेत, रेल्वेची मैदाने आहेत, जिल्हा क्रीडा संकुले आहेत. नवे काही बांधावे लागणार नाही. अडचण आहे ती येण्याजाण्याची. चाळीसगाव मुंबईच्या लोहमार्गावर आणि अमळनेर सुरतेच्या, त्यामुळे दोन्हींमध्ये थेट गाडी मिळत नाही आणि पाहुण्या गावच्या प्रेक्षकाला एसटीवरच विसंबावे लागेल. दंगलीचे आयोजक शेवटची मानाची कुस्ती दिवस मावळण्याआधी उरकतात, ती बाहेरगावच्या माणसांना घरी पोहोचता यावे म्हणूनच. या सामन्यांची वेळही परतीच्या शेवटच्या एसटीच्या आधी किमान अर्धा तास संपेल अशी ठेवावी, म्हणजे हरलेल्या गावच्या माणसांनाही शेवटपर्यंत बसता येईल.